मोबाईलवरची झडती

“मांगून बोलते ते चुगली, तोरनाखाली बोलते ते झडती.”

हे धनीरामचं वाक्य. जेवताना म्हणायचा, बैल धुताना म्हणायचा, कोणाच्या मयतीला गेला तर परतीच्या वाटेवर म्हणायचा. आणि दर वेळी असा थांबून म्हणायचा, जणू आत्ताच सुचलं आहे. त्याची बायको रुखमिणी सांगते की लग्न लागल्यावर हा माणूस आपल्याशी पहिलं जे बोलला ते हेच, आणि आपल्याला वाटलं की बापाने डोक्याने अधू माणूस पाहून दिला.

झडती म्हणजे काय, ते आमच्या भंडाऱ्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. पोळ्याच्या दिवशी गावच्या आखरावर, म्हणजे गुरं गोळा होतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखाली बैल रांगेने उभे राहतात, शिंगांना रंग, पाठीवर झूल. माणसंही त्या दिवशी थोडीफार धुतलेली असतात. मग तोरण तुटायच्या आधी कोणीतरी पुढे होतो आणि चार ओळी मोठ्याने म्हणतो. त्या चार ओळींत कोणाची तरी साल काढायची असते. सरपंचाची, मास्तरची, दुधात पाणी घालणाऱ्याची, धरणाचं पाणी अडवणाऱ्या साहेबाची.

पण साल काढायलाही रीत आहे. ज्याची काढायची तो समोर उभा पाहिजे. तो तापाने पडला असेल तर त्याची झडती पुढच्या पोळ्यावर जाते, घाई नाही. बोलायचं ते त्याच्या कामावर, घरावर नाही. बैल वाळला म्हणावं, मालकाची माय काढू नये. आपलं बोलून झालं की त्याचं उत्तर ऐकायचं, पळून जायचं नाही. आणि आमच्या गावाची म्हणून आणखी एक रीत आहे. ज्याची झडती खोटी निघाली, त्याने पुन्हा तोरणाखाली उभं राहायचं नाही. नत्थूच्या बापाने एकदा पोलीस पाटलावर तलावातले मासे चोरल्याची झडती म्हटली, आणि मासे त्याच्याच जावयाकडे रांधताना सापडले. त्यानंतर मरेपर्यंत तो माणूस दर पोळ्याला तोरणाबाहेर, कडुलिंबाखाली उभा राहून तुतारीने आपली पाठ खाजवत असे. तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी. ती पाठ मी पाहिली आहे.

धनीरामची झडती कधी खोटी निघाली नव्हती. दर पोळ्याला पहिली झडती त्याची, हे गावाने ठरवलं नव्हतं, पण सकाळी कोंबडा आरवतो हे तरी कोणी ठरवलं. सिहोऱ्याच्या एसटी स्टॉपच्या भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने रंगवून ठेवलं होतं: “झडती, दंडार, लग्नातले उखाणे. धनीराम.” आणि खाली मोबाईल नंबर. तुमसरपासून मोहाडीपर्यंत माणसं त्याला लग्नांत आणि दंडारीत, म्हणजे गावच्या रात्रीच्या नाटकात, बोलावत. एवढा मान मिळाला की माणूस सहसा बिघडतो. धनीराम बिघडला नाही, तो आधीपासूनच तसा होता.

मग त्याच्या विहिरीवर पाणीदूत आला.

पाणीदूत म्हणजे एक डबा आणि एक ॲप. डबा मोटरीच्या स्टार्टरला जोडायचा, डब्यात सिमकार्ड घालायचं, आणि घरी खाटेवर पडून मोबाईलवरून मोटर चालू-बंद करायची. ॲप उघडायचं नसेल तर डब्यातल्या नंबरला नुसती रिंग द्यायची. बंद असली तर चालू होते, चालू असली तर बंद. मोहाडीला दिलेल्या मुलीने, गुड्डीने, बापाला हे घेऊन दिलं, म्हणजे म्हाताऱ्याने विंचूकाट्यात हिंडू नये. धनीरामने त्याच सुमारास नवा मोबाईल आणि नवं सिम घेतलं होतं. जुनं सिम पडून होतं.

“चांगला पाठ असलेला नंबर हाये,” तो रुखमिणीला म्हणाला. “कायले फेकाचा?”

आणि त्याने तो डब्यात घातला. ॲपने इंग्रजीत काहीतरी विचारलं, वरचं बटण आधीच हिरवं होतं, धनीरामने त्यालाच मान डोलावली. आपणही सगळे असंच करतो, म्हणून कोणी हसू नये.

त्या वर्षी आषाढात पाऊस आला, तोंड दाखवलं आणि निघून गेला. धनीरामने बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोपांचे पऱ्हे टाकले होते. धानाचं बी फुटून नुकतं हिरवं दिसायला लागलं होतं, आणि त्याला विहिरीचं पाणी मोजकंच द्यायचं होतं. तर एके दिवशी दुपारी हा जेवून झोपला आणि उठून पाहतो तर मोटर आपल्या मनाने चालू. बांधीत पोटरीभर पाणी, आणि कोवळा पऱ्हा कडेच्या धुऱ्याला लागून तरंगतो आहे. दोन दिवसांनी उलटं झालं. याने मोटर चालू केली, ती मधेच बंद पडली, आणि उरलेल्या बांधीत भेगा.

“भूत लागलं मोटरीले,” नत्थू म्हणाला. नत्थू त्याचा शेजारी, बांधीला बांधी लागून.

“भूत नाही,” धनीराम म्हणाला. “कंपनी.”

शेतीवाल्यांचा मोबाईलवर एक फोरम आहे. बियाणं, खत, पंप, ॲप, सगळ्यांवर तिथे चर्चा होते. तिथली माणसं देवासारखी असतात, म्हणजे दिसत नाहीत आणि कोपतात. धनीराम त्यांच्यातला नव्हता. तो तिथेही नाव, गाव आणि नंबर लिहिल्याशिवाय बोलत नसे. त्या दिवशी खाटेवर बसून त्याने लिहिलं:

“आंब्याचं तोरन, कडुलिंबाचा पाला,
पाणीदूत घेतला अन् पऱ्हा वाहून गेला.
बटन दाबलं तं झोपते, नाही दाबलं तं पळते,
कंपनीवाल्या चोराले आमचं दुखनं काय कळते.”

खाली धनीराम, गावाचं नाव, आणि नंबर. अंगठ्याला जो पाठ होता तो.

रुखमिणी भाकरीचं पीठ मळत ऐकत होती. “कंपनीले फोन केलता का तुमी, गुड्डीचे बाबा?”

“चोराले फोन करून चोरी पुसते का कोनी?”

“तोरनाखाली उभं केलं का म्हनते मी. तुमीच म्हनता ना.”

“हे मोबाईल हाये. अठी तोरन कोठून आनू?”

रुखमिणीने पिठावर एक थाप मारली. त्या थापेचा अर्थ धनीरामला कळायला हवा होता, पण त्याचं लक्ष मोबाईलकडे होतं. मोबाईल थरथरत होता. झडती वाऱ्यावर गेली होती. ‘विदर्भाचा वाघ’ नावाच्या कोणीतरी लिहिलं, असल्या कंपन्या जाळल्या पाहिजेत. ‘कट्टर किसान’ म्हणाला, माझाही पाणीदूत खराब आहे. मग त्याने घेतलाच नाही असं निघालं, पण तोवर त्याला दोनशे अंगठे मिळाले होते. कोणी लिहिलं, धनीरामभाऊ, तुम्हाला फोन करून शाबासकी देतो. धनीराम खुलला. शाबासकीचा फोन मात्र एकही आला नाही.

मोटर तर आता पिसाळली. पूर्वी दोन-चार दिवसांत एकदा बिघडायची, आता दिवसभर चालू-बंद, चालू-बंद, जणू कोणी पोर बटणाशी खेळतं आहे. नत्थूच्या बांधीतही पाणी शिरलं. धनीरामने दुसरी झडती लिहिली, मग तिसरी. जितकी झडती कडक, तितकी मोटर जास्त नाचायची. “पाहा,” तो म्हणाला, “खरं बोललो तं कंपनी सूड घेऊन राहिली.”

फोरमवर कंपनीचं उत्तर आलं. रुचिता नावाच्या मुलीने लिहिलं होतं, की काका, झालं त्याचं वाईट वाटतं, मी रोज तुमच्या नंबरवर फोन करते आहे, तो कट होतो, कृपा करून बोला.

धनीरामने चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मोबाईल रात्रंदिवस त्याच्या उशाशी होता आणि या मुलीचा एकही फोन आला नव्हता. त्याने लिहिलं: “फोन चालू आहे. खोटं बोलता. चोर तर होतेच, आता लबाडही.” त्याखाली वाघाने आणि किसानाने जे लिहिलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. रुचिताची माय त्यांनी काढली, बाप काढला, आणि पोरीने चूल सांभाळावी असंही एकाने सुचवलं, ज्याला स्वतःला चहा करता येत नसणार. लाखांदूरकडची माणसं डबे परत करू लागली. धनीरामला ती भाषा बोचली. पण आपल्या झडतीच्या मागे उभे राहिलेल्यांना हाकलायला फार मोठं मन लागतं, आणि तो तेव्हा लोकप्रिय होता.

एके दिवशी दुपारच्या एसटीने ती मुलगी उतरली. पाठीवर पिशवी, डोक्याला ओढणी, घामाने तोंड लाल. विचारत विचारत ती सरळ विहिरीवर आली. तिथे धनीराम, नत्थू आणि शिदोरी घेऊन आलेली रुखमिणी होती. मीही होतो, पण माझं काही काम नव्हतं.

“मी रुचिता. पाणीदूतवाली.”

धनीरामने तिच्या मागे पाहिलं. “अन् कंपनी कोठी हाये?”

“मीच आहे. मी आणि निकेश म्हणून एक जण. भंडाऱ्याला दोन खोल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत घरमालकाचं धान असते.”

नत्थू खाली बघून मिशीत हसला. इतके दिवस ज्या कंपनीला जाळायचं चाललं होतं तिच्यात धानाची पोती निघाली.

“बस पोरी,” रुखमिणी म्हणाली. “पानी पे आधी.”

“पानी नंतर,” धनीराम म्हणाला. “तू लिवलं का मले रोज फोन करते. माह्या मोबाईलवर दाखव कोठी हाये फोन.”

“काका, तुमच्याच झडतीखालचा नंबर आहे. सकाळी केला, काल केला, परवा चारदा केला. एक रिंग होते आणि कट होतो. मला वाटलं तुम्ही रागाने कापता.”

“आता लाव. सगळ्याइच्या समोर लाव.”

ती झाडाखाली उभी राहिली आणि तिने नंबर लावला. आम्ही सगळे धनीरामच्या खिशाकडे पाहत होतो. खिसा गप्प होता. एक रिंग गेली, फोन कट झाला, आणि आमच्या पाठीमागे विहिरीवरची मोटर घरघरली. पाइपाने एक आवंढा गिळला आणि बांधीत पाणी ओकायला सुरुवात केली.

रुचिताने मोबाईलकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तोच नंबर लावला. मोटर बंद झाली.

“काका,” ती हळूच म्हणाली, “डब्यात कोणतं सिम आहे?”

धनीराम खाली धुऱ्यावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर सिहोऱ्याच्या एसटी स्टॉपची ती भिंत, तिच्यावरच्या जुन्या नंबरासकट, आख्खी दिसत होती. लग्नाला बोलावणारे, दंडारीला बोलावणारे, आणि मग झडती वाचून शाबासकी द्यायला फोन करणारे शेकडो लोक, सगळे त्याच्या मोटरीचं बटण दाबत होते. आणि त्याची समजूत काढायला ही पोरगी रोज फोन करायची, म्हणजे रोज तीही त्याची बांधी बुडवत होती.

नत्थूला हसू आवरेना. तो शेवटी विहिरीआड जाऊन हसून आला.

“पन हे कोनाच्याही फोननं काहून चालू होते?” रुखमिणीने विचारलं. सगळ्यांत कामाचा प्रश्न तिनेच विचारला.

रुचिताचं तोंड उतरलं. “ॲप विचारते की फक्त मालकाचा फोन चालावा की सगळ्यांचा. सगळ्यांचा हे आधीच निवडलेलं असते. आणि विचारते इंग्रजीत. ते आमचं चुकलं.” तिने तिथल्या तिथे डब्याला मालकाशिवाय दुसऱ्या कोणाचा फोन घ्यायची बंदी केली. मग म्हणाली, “काका, तुम्ही झडत्या काढून टाका. मी काही लिहीत नाही. मिटलं.”

“मिटलं बाप्पा,” नत्थू म्हणाला. “मोबाईलवरचं मोबाईलवर. तोरनाखाली तं तू बोललाच नाही, तं खोटी झडती कोठून झाली?”

किती सोपं होतं ते. अंगठा दाबायचा आणि सगळं गायब. गावात चार माणसांशिवाय कोणाला कळणार नव्हतं, आणि पोळा महिन्याभरावर आला होता. धनीरामने नत्थूच्या तोंडाकडे पाहिलं. नत्थूला तेव्हा आपल्या बापाची पाठ आठवत होती का, ते मला माहीत नाही. धनीरामला आठवत असावी.

“काढून टाकलं तं ते मांगून बोलल्यासारखं नाही, मांगून पळल्यासारखं होते,” तो म्हणाला. “तू पोळ्याले ये पोरी. तोरनाखाली उभी राय.”

“मला कशाला, काका?”

“तुह्यावर एक खरी झडती बाकी हाये. अन् तुले उत्तराचा हक्क हाये, तो मी खाल्लो.”

त्या संध्याकाळी त्याने फोरमवर जुन्या झडत्यांच्या खालीच लिहिलं, की चूक सिमची होती, सिम माझं होतं, कंपनीला मी आधी विचारलं नाही, आणि चोर हा शब्द मी परत घेतो. नाव, गाव, आणि या वेळी नवा नंबर. विदर्भाच्या वाघाने लगेच विचारलं, किती घेतले कंपनीकडून. कट्टर किसान म्हणाला, विकला गेला बुढा. दुसऱ्या दिवसापर्यंत धनीराम सरकारचाही माणूस होता आणि विरोधकांचाही. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं ते त्याला पायाखाली घ्यायला एकाच वेळी वाकले. त्याने कोणाला उत्तर दिलं नाही. फक्त रुखमिणीला म्हणाला, “नाव सांगत नाई त्याइच्यासंगं बोलून राहिलो होतो मी इतके दिवस.”

“पऱ्हा दे म्हनावं त्याइले,” रुखमिणी म्हणाली.

पऱ्हा शेवटी नत्थूने दिला. त्याच्याकडे जास्तीचा होता, आणि रोवणी संपेपर्यंत तो ते रोज ऐकवत होता.

पोळ्याला आभाळ ढगाळ होतं, पण पडलं नाही. तलावाकडून ओल्या धानाचा वास येत होता. बैल तोरणाखाली उभे राहिले. रुचिता आली, आणि रुखमिणीने तिला हाताला धरून पुढे उभं केलं. धनीराम नव्या धोतरात पुढे झाला. रीतीप्रमाणे आधी तिच्याकडे पाहून बोलला:

“धान आमचा, बांधी आमची, इहीर आमच्या बापाची,
सवाल पुसला इंग्रजीत, ही रीत कोन्या गावाची?
वरचं बटन आधीच दाबलं, आमी फक्त हो म्हटलं,
दार उघडं ठेवून म्हनता, कुत्रं कसं घुसलं.”

आखर हसलं. रुचिताचे कान लाल झाले, पण ती हलली नाही. मग ती एक पाऊल पुढे आली. तिने मोबाईल काढला नाही, पाठ करून आली होती.

“दार माझंच उघडं होतं, काका, मी ते लावलं,
पण फोन लावला रोज तुम्हाला, कोणी नाही धावलं.
साऱ्या मुलखाच्या शाबासकीने मोटर तुमची चालवली,
मला चोर म्हणता म्हणता बांधी तुम्हीच बुडवली.”

यावर जो गलका झाला तो मी या गावात त्याआधी ऐकला नव्हता. एक बैल बिथरला आणि सरपंचाच्या पायावर उभा राहिला, तेही लोकांना झडतीचाच भाग वाटलं. धनीराम मात्र गलका थांबेपर्यंत हात जोडून उभा होता. ॲप आता मराठीत विचारतं, आणि आधीच हिरवं केलेलं बटण तिने काढलं आहे, हे तिने त्यानंतर साध्या शब्दांत सांगितलं. धनीरामने मान डोलावली.

लोकांना वाटलं संपलं. तोरण तोडायला माणूस पुढे झाला. धनीरामने त्याला हाताने थांबवलं आणि तो वळला, जिथे रुचिता उभी होती तिथे जाऊन स्वतः उभा राहिला.

“तोंडाचा मोठा वाघ, झडतीचा मोठा शूर,
ज्याच्यावर झडती केली तो बसला कोसभर दूर.
तोरन नाही, मानूस नाही, मांगून केली चुगली,
धनीराम, तुह्याच जिभेनं पत तुही बुडली.”

या वेळी कोणी हसलं नाही. सरपंच पाय चोळत म्हणाला, “अगा, कोनी तुले खोटा म्हटलं नाही. मोबाईलचं कोन धरते?”

“मी धरतो,” धनीराम म्हणाला.

त्याने आपल्या बैलांचे कासरे नत्थूच्या हातात दिले. नत्थूने ते धरले. धनीराम तोरणाखालून बाहेर पडला. कडुलिंबाखाली तो थांबेल असं सगळ्यांना वाटलं, कारण तिथे थांबण्याची गावात रीत पडली होती. तो तिथे थांबला नाही. तो तलावाच्या पाळीवर चढला आणि आपल्या विहिरीच्या दिशेने चालू लागला. सावकाश, हात पाठीमागे बांधून. पाणी दोन्ही बाजूंनी चमकत होतं, एका बाजूला तलावाचं, एका बाजूला बांध्यांचं.

आखरावर तोरण तुटलं, बैल धावले, पोरं धावली. नत्थू चार बैल सांभाळत अडकून पडला होता. रुचिताने मोबाईल वर उचलला, फोटो काढायला असेल, आणि न काढताच खाली केला. तिच्या शेजारी रुखमिणी बैलांच्या आरतीचं ताट घेऊन उभी होती. पाळीवरचं ते पांढरं धोतर दिसेनासं होईपर्यंत दोघी तिकडेच बघत राहिल्या.